बोटावर ९८ दिसलं म्हणून एबीजी नाकारू नका

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आयसीयूत मनगटातून रक्त काढू देऊ नका. धमनीत सुई गेली की हात कायमचा निकामी होतो. ऑक्सिजन बोटाच्या मशीनवर दिसतोच, ही तपासणी फक्त बिल वाढवायला. सही करू नका.’ ही तपासणी म्हणजे एबीजी: धमनीतलं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता, मोजणं. भवानी पेठेतल्या माझ्या मावशीनं तो वाचला आणि काका अ‍ॅडमिट असताना सही नाकारली. काकांना सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, जन्मभर विडी ओढलेली. म्हणून हे लिहितोय.

बोटाच्या मशीनचा मुद्दा सगळ्यांत घातक. ते मशीन हिमोग्लोबिनला किती ऑक्सिजन चिकटलाय एवढाच अंदाज देतं. कार्बन डायऑक्साइड त्याला कळतच नाही. सीओपीडीच्या पेशंटला जोरात ऑक्सिजन लावला की आकडा ९८ वर जातो, घरचे निर्धास्त होतात, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहू शकतो. पेशंट गुंगायला लागतो. आपण म्हणतो, बरं झालं, डोळा लागला! अशा पेशंटचा आकडा साधारण ८८ ते ९२ ठेवायचा असतो, हे मेसेजवाल्याच्या गावीही नाही. रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर गेला, तर बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, लावायचं का, याचा विचार करावा लागतो. तो बोटाकडे बघून होत नाही. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरलेल्याचा आकडाही हे मशीन चांगलाच दाखवतं.

हात निकामी होण्याचं म्हणाल, तर पंजाला रक्त देणाऱ्या मुख्य धमन्या दोन आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या रक्त काढण्याबाबतच्या मार्गदर्शिकेत धमनीच्या रक्तासाठी वेगळं प्रकरणच आहे. सुईआधी दोन्ही धमन्या दाबायच्या, करंगळीकडची सोडायची आणि तळहाताला लाली परत येते का पाहायचं, असं त्यात सांगितलंय. रक्त साकळणं, धमनी आखडणं, मज्जातंतूला इजा हे धोकेही त्यात लपवलेले नाहीत. पण कायमची इजा क्वचितच होते.

बिलाचं थोडं मान्य करावं लागेल. ही तपासणी काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त वेळा होते, आणि डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे मधुमेहात रक्त आम्लारी होतं तेव्हा, पीएच पाहायला बहुतेकदा शिरेतलं रक्तही चालतं. मग ‘आज परत कशासाठी?’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. तो तुमचा हक्कच आहे. दुखतं हेही खरं, शिरेच्या सुईपेक्षा जास्तच. बधिर करायचं इंजेक्शन मागता येतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुई टोचायच्या आधी सांगा. नंतर ती जागा निदान पाच मिनिटं घट्ट दाबून धरावी लागते, या गोळ्या असतील तर आणखी जास्त. मध्येच कापूस उचलून बघायचं नाही.