शंभर रुपयांच्या इंजेक्शनबद्दल खुलासा

बीड-लातूरकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतंय: ‘टाटाचं १०० रुपयांचं इंजेक्शन घ्या, स्तनाचा कॅन्सर जातो, ऑपरेशन नको.’ हे चूक आहे, जिवावर बेतणारं आहे.

मूळ अभ्यास मात्र खरा, आणि अभिमान वाटावा असा. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तो २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. औषध म्हणजे लिग्नोकेन, दात काढताना देतात तेच भुलीचं. सुमारे १६०० बायकांपैकी निम्म्यांना ते ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती टोचलं. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात ९०.१ टक्के, इतरांत ८६.४. ऑपरेशन दोन्ही गटांत झालंच होतं!

गाठ लागली असेल, तर मावशी, वाट बघू नका; संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवा.