लोहगावचे 2,535 मीटर

पुण्यात विमानतळाचा विषय निघाला की भांडण दोनच गोष्टींवरून होतं. नवं टर्मिनल कसं झालंय आणि पुरंदरचा विमानतळ कधी होणार. जुलै 2024 मध्ये सुरू झालेलं टर्मिनल छान आहे, नाही कोण म्हणतं? पण विमान धावपट्टीवरून उडतं, टर्मिनलवरून नाही. पुण्याच्या सध्याच्या, लोहगावच्या विमानतळाची धावपट्टी 2,535 मीटरची, एकच, आणि तीही हवाई दलाची. उड्डाणांचं नियंत्रणही त्यांच्याचकडे. फ्रँकफुर्टमध्ये बसून हा वाद वाचताना सारखं वाटतं, या आकड्यावर कोणी का बोलत नाही?

विमानतळ आखणाऱ्यांचा ठोकताळा सोपा आहे. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला धावपट्टीची लांबी 7 टक्के वाढवायची. त्या उंचीच्या प्रमाणित तापमानापेक्षा (समुद्रसपाटीला 15 अंश, वर जावं तसं कमी) हवा जितके अंश गरम, तितके टक्के आणखी. लोहगाव 592 मीटरवर, म्हणजे जवळजवळ 14 टक्के. तिथलं प्रमाणित तापमान 11 अंश आणि एप्रिलची दुपार 38 ची, म्हणजे वर 27 टक्के. एकूण जवळपास दीडपट. उलटा हिशेब केला तर लोहगावचे 2,535 मीटर म्हणजे समुद्रकाठी, 15 अंशांच्या हवेत, जेमतेम 1,750. फ्रँकफुर्ट आहे 111 मीटरवर आणि तिथल्या चारपैकी तीन धावपट्ट्या 4,000 मीटरच्या!

हवा विरळ झाली की पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. युरोपचा पल्ला असेल तर इंधनात काटछाट करता येत नाही. मग आधी माल उतरतो, नंतर खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीने काही वर्षं पुणे–फ्रँकफुर्ट सेवा चालवली, ती मोजक्या खुर्च्यांच्या छोट्या विमानानेच. आणि एकच धावपट्टी म्हणजे दुरुस्ती निघाली की सगळंच बंद. ऑक्टोबर 2021 मध्ये पुण्याने ते चौदा दिवस अनुभवलं आहे.

‘हवाई दलाला हलवा’ म्हणणाऱ्यांनी फ्रँकफुर्टचा किस्सा नीट वाचावा. इथे नागरी विमानतळाला लागूनच अमेरिकी हवाई दलाचा ऱ्हाइन-माइन तळ होता. हलवायचा करार झाला 1999 मध्ये, जागा रिकामी झाली 2005 च्या शेवटी. मधल्या काळात रामश्टाइन आणि श्पांगडालेम या जर्मनीतल्याच दुसऱ्या अमेरिकी तळांवर पर्यायी सोयी बांधल्या गेल्या आणि त्यांचा बराचसा खर्च जर्मन बाजूने उचलला. तिसरं टर्मिनल त्या मोकळ्या जागेवर आलं. तो तळ मालवाहू विमानांचा होता. लोहगावला सुखोई लढाऊ विमानं आहेत, ती अशी उठवता येत नाहीत. मागायचंच असेल तर धावपट्टीची वाढ मागा आणि नागरी उड्डाणांच्या वेळा लेखी ठरवून घ्या.

‘परदेशात कसं पटकन होतं’ हेही विसरा. इथली पश्चिम धावपट्टी 1984 मध्ये सुरू झाली ती वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर, आणि 1987 च्या निदर्शनांत दोन पोलीस गोळीबारात मारले गेले. 2011 च्या धावपट्टीसाठी वाटेतला एक रासायनिक कारखाना साठ कोटींहून जास्त युरो मोजून हलवावा लागला. आणि धावपट्टी मिळाली तशी बंदीही आली, रात्री 11 ते पहाटे 5 ठरलेली उड्डाणं नाहीत. लोहगाव विमानतळाशेजारच्या धानोरी–विमाननगरच्या लोकांना हे ऐकून हेवा वाटेल.

पुरंदरच्या सात गावांत अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत. तिथल्या शेतकऱ्याशी बोलताना एकरी भावाचाच आकडा पुढे येतो. पण दिवेघाट चढून गेलं की पठार लोहगावहून उंच आहे, म्हणजे धावपट्टीचा हिशेब आणखी वाढतो आणि तितकी जास्त जमीन जाते. म्युनिकने 1992 मध्ये एका रात्रीत जुना विमानतळ बंद करून नवा चालू केला. बर्लिननेही नवा विमानतळ सुरू होताच जुना टेगेल विमानतळ बंद केला. पुरंदर सुरू झाल्यावर लोहगावची नागरी विमानं थांबणार की दोन्हीकडून उडणार, हे एकाही पुणेकराला ठामपणे सांगता येत नाही, आणि त्याचं उत्तर भूसंपादनाच्या आधी हवं.