भांडण भाषेचं, पण तासाला चालतं काय?

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, जूनच्या शेवटी सरकारने तो गुंडाळला, मग ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा मेळावा, हे सगळं मी न्यू जर्सीत बसून मोबाइलवर बघत होतो. जीआर गेला याचा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या अख्ख्या गदारोळात चौथी-पाचवीच्या मराठीच्या तासाला पोरं नक्की करतात काय, हे कोणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही.

भाचा बोरिवलीला पाचवीत आहे, मार्क झकास. धडा संपला की बाई फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहितात, पोरं उतरवून घेतात, परीक्षेत तीच ओकतात. निबंध 'पावसाळ्यातील एक दिवस', गाइडमधला, पाठ. मुंबईच्या पोराच्या पावसाळ्यात हिंदमाताचं तुंबलेलं पाणी हवं, रखडलेली लोकल हवी, दुपारीच सोडून दिलेली शाळा हवी! पण निबंधात मोर नाचतो आणि बळीराजा सुखावतो.

माझी मुलगी इथे चौथीत. लिहायचे प्रकार मुख्यतः तीन, स्वतःचं मत, माहिती आणि गोष्ट. मत दिलं की कारण द्यायचं, वाचलेल्यातला आधार दाखवायचा, 'हे कुठल्या वाक्यावरून म्हणतेस?' हा टीचरचा रोजचा प्रश्न, आणि खुणा होऊन कागद परत आला की पुन्हा लिहायचं.

म्हणून इथे स्वर्ग आहे असं नाही हां. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीची ४० टक्के मुलं वाचनात 'बेसिक' पातळीच्याही खाली निघाली, आणि तेही शाळेशाळेत लायब्ररी असून.

आपल्याकडे २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, चांगलंच झालं. केंद्र सरकारचं २०२१ चं निपुण भारत अभियान तिसरीपर्यंत वाचता यावं म्हणतं, तेही ठीक. पण वाचता आल्यावर पुढे काय, खरी मजा तर तिथूनच सुरू होते ना.

महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीला हे म्हटलं तर उसळलीच, 'बीएलओची, म्हणजे मतदारयादीची, कामं करू की पन्नास वह्या तपासू?' मुद्दा बरोबर आहे, इथे वर्गात निम्मी पोरं असतात. मी म्हटलं आठवड्याला दहाच तपास, बाकीच्यांनी एकमेकांच्या वाचाव्यात. तर म्हणाली, 'दहा जमतील रे, पण पेपरात गाइडचाच निबंध आला की आईबाप मला धरतात.' म्हणजे गाडी पेपरापाशी अडलीये, आणि तिथे विषय 'आमच्या गल्लीतलं भांडण' असा दिला तर कुठलं गाइड पुरणार?