व्हर्च्युअल-ऑन म्हणजे "दोन काठ्यांची नौटंकी"? एकेक मुद्दा घेऊन बोलू

सेगा या जपानी कंपनीच्या व्हर्च्युअल-ऑन या गेमबद्दल एक मत कित्येक वर्षं फिरतंय. जुन्या मेक गेम्सचा (मेक म्हणजे महाकाय लढाऊ रोबो) विषय निघाला की कोणीतरी ते आणून चिकटवतंच आणि खाली शंभर जण "अगदी बरोबर" म्हणून मोकळे होतात. मत साधारण असं: गेम दिसायला भारी पण खेळायला काही नाही, दोन काठ्यांचा कंट्रोल म्हणजे नाणी ओढायची नौटंकी, ट्रिगर दाबत सुटलं की जिंकता येतं, मेकला वजनच नाही, तासाभरात सगळं बघून होतं, आणि पब्लिकने नाकारला म्हणून सिरीज मेली.

मला हा गेम मनापासून आवडतो त्यामुळे हे वाचलं की त्रास होतो, पण नुसतं "तुम्हाला कळत नाही" म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून नीट बघू काय खरं आणि काय उगाच ठोकून दिलेलं आहे. काही गोष्टी खऱ्यासुद्धा आहेत, त्याही सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९५ चा आर्केड गेम, म्हणजे गेम सेंटरमध्ये नाणं टाकून खेळायचा, सेगाच्या एएम३ टीमचा, मॉडेल २ हार्डवेअरवर. दिग्दर्शक जुरो वातारी, मेकची डिझाइन्स हाजिमे कातोकी यांची, म्हणजे गंडम या रोबो ॲनिमेच्या चाहत्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. दोन खेळाडू, दोन रोबो, एक बंदिस्त ३डी मैदान, आणि प्रत्येकासमोर स्वतंत्र स्क्रीन. हातात दोन काठ्या, प्रत्येक काठीला एक ट्रिगर आणि एक टर्बो बटण. बास, एवढंच कंट्रोल.

"दोन काठ्या म्हणजे नौटंकी, साधी जॉयस्टिक चालली असती."

सगळ्यात जास्त हेच ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त चुकीचंही हेच आहे. रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवणारा माणूस बघितलाय ना, दोन्ही लिव्हर पुढे ढकलले की मशीन पुढे जातं, एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी वळतं. व्हर्च्युअल-ऑनचा पायाच तो आहे. दोन्ही काठ्या डावीकडे, मेक डावीकडे सरकतो. एक पुढे एक मागे, वळतो. आणि इथून पुढे खरी गंमत आहे: दोन्ही काठ्या एकमेकींपासून लांब, बाहेरच्या बाजूला फाकवल्या की उडी, आणि आत एकमेकींकडे आणल्या की खाली बसतो. कुठल्याही बटणाशिवाय. पाच मिनिटांत हात स्वतःहून करायला लागतात, मेंदूला भाषांतर करावं लागत नाही.

आणि मुद्दा फक्त मजेचा नाहीये. काठीने वळणं या गेममध्ये मुद्दाम हळू ठेवलंय. समोरचा डॅश मारून, म्हणजे टर्बो दाबून झपकन सरकून, तुमच्या पाठीमागे गेला की नवखा माणूस काठ्या उलट्या-सुलट्या करून वळत बसतो आणि तेवढ्यात मार खातो, मग म्हणतो कंट्रोल भंगार आहे. खरं काय आहे, उडी मारली की मेक आपोआप शत्रूकडे तोंड करतो. म्हणजे उडी ही वर जायची गोष्ट नाहीच, ती निशाणा परत मिळवायची गोष्ट आहे. म्हणून जाणकार खेळाडू काठ्या फाकवतात आणि लगेच आत ओढतात, मेक जेमतेम जमीन सोडतो, गर्रकन शत्रूकडे फिरतो आणि खाली येतो. याला जंप कॅन्सल म्हणतात. काठ्या बाहेर-आत, बाहेर-आत, हा आवाज आणि ही हालचाल म्हणजेच हा गेम. हे साध्या एका जॉयस्टिकवर आणि बटणांवर करता येतं का? येतं, पण मग ती फक्त एक कमांड होते, दोन्ही हातांनी मशीन ओढल्याचं जे फीलिंग आहे ते जातं.

आता खरी बाजू. घरी साध्या पॅडवर हा गेम सुरुवातीला त्रास देतो, हे मान्यच. सेगाच्या सॅटर्न या घरगुती कन्सोलच्या साध्या पॅडला ॲनालॉग काठ्यासुद्धा नव्हत्या, त्यामुळे वळणं आणि सरकणं वेगवेगळ्या बटणांवर वाटून द्यावं लागलं आणि १९९६ साली घरी डिस्क लावलेल्या पोराला आर्केडचा काहीही अंदाज आला नसणार. पुढच्या ड्रीमकास्ट कन्सोलसाठी सेगाने ट्विन स्टिक (हीच दोन काठ्यांची जोडी) काढली पण ती फक्त जपानात विकली, अमेरिकेत २००० साली ॲक्टिव्हिजनने याचा दुसरा भाग ओराटोरिओ टँग्राम आणला तेव्हा तिथल्या लोकांच्या हातात साधा पॅडच होता. म्हणजे "कंट्रोल वाईट" हे म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तो कंट्रोल हातात घेतलेलाच नाही! पॅडवर खेळून काठ्यांना नावं ठेवायची, हा कुठला न्याय. आणि पॅडवरही जमतं, वेळ लागतो एवढंच, मी एक्सबॉक्स ३६० वर पॅडनेच खेळत आलोय.

"नुसते ट्रिगर दाबा, कोणीतरी मरतंच."

हे म्हणणाऱ्याने स्क्रीनच्या खालचे तीन गेज बघितलेच नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. डावा ट्रिगर एक हत्यार, उजवा दुसरं, दोन्ही एकदम दाबले की तिसरं. तिघांचा वेगळा साठा, वापरला की रिकामा होतो आणि हळूहळू भरतो. जो दाबत सुटतो त्याचे तिन्ही गेज दहा सेकंदात तळाला जातात आणि मग तो मैदानात रिकाम्या हाताने पळत असतो.

त्यात परत तेच हत्यार उभं राहून मारलं, चालताना मारलं, बसून मारलं, हवेतून मारलं किंवा डॅशमध्ये मारलं तर प्रत्येक वेळी वेगळं निघतं, आणि डॅशमध्ये तर कुठल्या दिशेने डॅश घेतला त्यावरही फरक पडतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॅशमधून फायर केल्यावर मेक क्षणभर ताठतो, हलता येत नाही. पूर्ण गेम या एका क्षणावर उभा आहे. समोरच्याला आधी फायर करायला लावायचं, तो ताठला की आपण मारायचं. दोघांनाही हे माहीत असतं म्हणून दोघंही वाट बघतात, खोटे डॅश घेतात, अर्धवट थांबतात.

एक उदाहरण घ्या. समोर रायडेन नावाचा मेक आहे, जाडजूड, खांद्यांवर लेझर. तो लेझर लागला तर लाइफचा मोठा तुकडा जातो, पण त्यासाठी गेज भरलेला लागतो आणि मारताना तो जागेवर उभा राहतो. तुमच्याकडे टेमजिन. तुम्ही डाव्या हाताचा बॉम्ब टाकता, त्याचा जो स्फोटाचा गोळा होतो ना तो समोरच्याच्या गोळ्या खातो, म्हणजे बॉम्ब हे मारायचं कमी आणि भिंत बांधायचं हत्यार जास्त. त्या स्फोटाआडून तुम्ही बाजूला डॅश घेता, रायडेनला दिसतं की तुम्ही बाहेर आलात, तो घाईत लेझर सोडतो, तुम्ही तो चुकवता, जंप कॅन्सल, तोंड त्याच्याकडे, आणि तो अजून उभाच. आता रायफल. हे सगळं दोन-तीन सेकंदात होतं, आणि यात कुठे "ट्रिगर दाबत सुटणं" आहे ते मला दाखवा.

हां, एक खरी तक्रार इथे करता येते आणि ती मीही करतो. वेळ संपली की ज्याचं लाइफ जास्त तो जिंकतो, त्यामुळे पुढे असलेला खेळाडू शेवटी नुसता पळत राहू शकतो. हलका मेक असेल तर त्याला पकडणं फार चिडचिडीचं काम आहे. पण ही तक्रार "गेममध्ये खोली नाही" याच्या अगदी उलट आहे, पळणाऱ्याला कोपऱ्यात कसं घालायचं हे शिकायलाच लोकांनी वर्षं घातलीत.

"मेकला वजनच नाही, खरा मेक गेम म्हणजे मेकवॉरिअर."

मेकवॉरिअर २ सुद्धा १९९५ चाच, आणि तो मलाही आवडतो. पण तो कॉकपिटमध्ये बसून उष्णता सांभाळत तासन्‌तास मिशन करायचा पीसी गेम आहे, आणि हा एका नाण्यावर दोन माणसांना भिडवणारा आर्केड गेम आहे. दोघांना एकाच मापाने मोजायचं कशाला? वजन इथेही आहे, फक्त ते चालण्याच्या धपधप आवाजात नाही, ताठण्याच्या वेळेत आहे. रायडेन घेऊन बघा आणि मग वायपर २ घेऊन बघा. एक मार खाऊन उभा राहतो पण हलायला जड, दुसरा वाऱ्यासारखा उडतो आणि दोन चुका केल्या की संपला.

"८ मेक, सगळे सारखेच, फक्त रंग वेगळे."

चूक. डोर्कासकडे फेकायचा हातोडा, बेल्गडोरकडे मिसाइलं, अफार्मड जवळ येऊन टोन्फाने (हातातल्या दांडक्याने) फोडतो, फेई-येनचं लाइफ खाली गेलं की ती हायपर मोडमध्ये जाऊन जास्त धोकादायक होते. अफार्मडशी खेळताना अंतर ठेवायचं, बेल्गडोरशी खेळताना अंतर तोडायचं. यावर अजून बोलायची गरज नाही.

"तासाभरात संपतो."

एकट्याने खेळलात तर हो, संपतो. दहाएक लढती आणि शेवटचा बॉस. कथा बिथा शोधायला गेलात तर गेममध्ये जवळपास काही सापडत नाही. घरच्या कन्सोलवरच्या आवृत्तीला पूर्ण किंमत मोजून एकट्याने खेळणाऱ्या माणसाला फसल्यासारखं वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण हा गेम दोघांचा आहे, शेजारच्या सीटवर माणूस बसल्यावर सुरू होणारा. सेगालाही ते माहीत होतं, म्हणून तर अमेरिकेत सॅटर्नवर नेटलिंक आवृत्ती काढली, मॉडेम लावायचा आणि थेट फोन लाइनवरून दुसऱ्याच्या घरी असलेल्या माणसाशी लढायचं, २८.८ के च्या मॉडेमवर! नेटलिंकला चालणारे गेम सगळे मिळून पाच होते, त्यात हा एक.

"लोकांनी नाकारला म्हणून सिरीज मेली."

इथे माझा आवाज चढतो, माफ करा. नाकारलेल्या गेमचं पुढे काय होतं? काही होत नाही. याचं काय झालं ते बघा. १९९८ ला ओराटोरिओ टँग्राम, मॉडेल ३ वर, ज्यात डॅशच्या मध्येच दिशा मोडायची व्हर्टिकल टर्न आली आणि गेम अजून खोल झाला. तो १९९९ ला ड्रीमकास्टवर. २००१ ला फोर्स, दोन विरुद्ध दोन, चार जण एकत्र. २००३ ला पीएस२ वर मार्झ, जो मला अजिबात आवडत नाही, त्याबद्दल जे वाईट बोललं जातं त्यातलं बरंचसं मी मान्य करतो. मग २००९ ला ओराटोरिओ टँग्राम एक्सबॉक्स ३६० वर ऑनलाइनसकट, २०१० ला फोर्स. २०१८ ला पीएस४ आणि व्हिटावर एका लाइट नॉव्हेल (जपानी कादंबरी) सिरीजसोबतचा एकत्र गेम. २०१९ ला पीएस४ वर पहिले तिन्ही आर्केड गेम एकत्र.

मधे मोठी गॅप पडली हे खरं, पण त्याचं कारण "लोकांना आवडला नाही" एवढं सोपं नाही. बसून खेळायचं, दोन स्क्रीनचं भलंमोठं कॅबिनेट जपानातल्या गेम सेंटरमध्ये परवडायचं, तिथे रोज खेळणारे आणि बघणारे होते. अमेरिकेत तेव्हा आर्केडच बंद पडत होती. तिकडे कमी लोकांनी खेळला, कमी लोकांना कळला, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं मत तेवढं जगभर फिरलं. आपल्यापर्यंतही तेच पोचलं.

आणि आता टानिटाची गोष्ट. टानिटा म्हणजे वजनकाटे आणि शरीरातली चरबी मोजायची यंत्रं बनवणारी जपानी कंपनी. गेमिंग हा तिचा मूळ धंदाच नव्हे. २०१८ ला या कंपनीने पीएस४ साठी नवीन ट्विन स्टिक बनवायला क्राउडफंडिंग, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणं, सुरू केलं. पहिल्या वेळी ठरलेली रक्कम जमली नाही. तिथेच सोडून देता आलं असतं, पण त्यांनी परत मोहीम काढली, दुसऱ्यांदा पैसे जमले आणि काठ्या खरंच बनल्या. महागड्या होत्या, फक्त या एका सिरीजसाठी होत्या, तरी लोकांनी वीस वर्षांहून जुन्या गेमसाठी आगाऊ पैसे दिले.

ज्यांना हे मत परत कुठे चिकटवायचं असेल त्यांना एकच विनंती, आधी एक मित्र शोधा, ओराटोरिओ टँग्राम लावा, दोघांनीही टेमजिन घ्या आणि पहिला अर्धा तास फक्त उडी मारून तोंड फिरवायला शिका, गोळी नंतर. मग सांगा कंट्रोल कसा आहे ते, तेव्हा वाद घालायला मी तयार आहे.