दंड वाढवला की डॉक्टर खेड्यात टिकेल?

ग्रुपाग्रुपांत एक मेसेज फिरतोय : ‘जनतेच्या पैशावर शिकतात, लाखभर पगार घेतात, तरी डॉक्टर खेड्यात जात नाहीत. बाँडचा दंड दुप्पट करा, बघा कसे धावत जातात. विशेषज्ञ तर मिळतच नाहीत.’ चीड समजते. हिशेब मात्र चुकलाय.

आधी दंड. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा सक्तीची, हाच तो बाँड. ती टाळली तर 10 लाख, पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) 50 लाख, सुपरस्पेशालिटीला 2 कोटी. ही रक्कम किरकोळ आहे का? आणि समजा बाँड इमानदारीत पाळला, तरी काय होतं? वर्षभरात आशाताई ओळखीच्या होतात, कुठल्या पाड्यावर कुणाचे दिवस भरत आलेत हे पाठ होतं, आणि मुदत संपते. नवा येतो, पुन्हा श्रीगणेशा. त्यातही त्याचं निम्मं लक्ष नीट-पीजी या प्रवेश परीक्षेच्या पुस्तकात. (त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं?) याउलट तमिळनाडूने भरतीसाठी 2012 मध्ये वेगळं मंडळच नेमलं आणि राज्याच्या पीजी जागांपैकी निम्म्या सेवेतल्या डॉक्टरांसाठी ठेवल्या. म्हणजे थांबण्यातही पुढची वाट दिसते.

आता लाखभर पगार. कायम गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन 56,100 पासून; भत्ते धरता बरं आहे, मान्य. पण सगळे कायम कुठेत? आदिवासी भागात भरारी पथकांचे (पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्य पथकांचे) बीएएमएस डॉक्टर वर्षानुवर्षं पाडे तुडवताहेत. त्यांचं मानधन 2020 पर्यंत 24,000 होतं, मग 40,000 झालं. ‘जात नाहीत’वाल्या यादीत यांना कुठे बसवायचं? राष्ट्रीय आरोग्य अभियानात तर 11 महिन्यांचा करार, मध्ये खंड, पुन्हा करार. दहा वर्षं झालेल्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला. तो अमलात यावा म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये त्यांना संपावर जावं लागलं.

‘विशेषज्ञ तर मिळतच नाहीत’ हा मेसेजचा शेवटचा मुद्दा. मिळालेल्याचं आपण काय करतो, ते बघा. 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर रुजू झाली. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, रक्त साठवणुकीची सोय नाही. रात्री दोनला बाळ आडवं असलेली बाई येते. सिझर करता येत असूनही ती डॉक्टर रेफरची चिठ्ठी लिहिते, 108 ला फोन लावते आणि नातेवाइकांच्या शिव्या खाते. असे चार-सहा महिने गेले की शहाणा माणूस राजीनामाच देणार. त्याला आपण ‘खेड्याचा तिटकारा’ म्हणून मोकळे होतो! स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघे खात्यात असतील, तर त्यांना एकाच रुग्णालयात नेमायला नवा कायदा लागत नाही, बाँडही लागत नाही. नेमणुकीची ऑर्डर काढणाऱ्याने दोन्ही फायली एकदम उघडल्या तरी पुरे.