नव्वदच्या पुढची थरथर : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सस्नेह नमस्कार.

महामार्गावरील गाडीच्या थरथरीबद्दलच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत. ‘ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टीअरिंग हलत असेल, तर दहापैकी नऊ वेळा दोष बॅलन्सिंगचा (चाकाचे वजन सर्व बाजूंना सारखे करण्याचा) असतो’ असे मी लिहिले होते. ते वाचून आपण दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतले, पुढचे दोन्ही टायर बदलले, आणि तरीही ताशी 90 ते 105 किमी या पट्ट्यात थरथर जशीच्या तशी आहे, हा पहिला आक्षेप. मी अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) नावही घेतले नाही, हा दुसरा. आणि वाचकाला शंभरच्या वेगात गाडी न्यूट्रल करून चाचणी घ्यायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपातील एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. ‘दहापैकी नऊ’ हा आकडा मी कुठेही मोजून लिहिला नव्हता आणि अशा आकड्यावर विसंबून कोणी टायरवर पैसे खर्च करत असेल, तर लिहिणाऱ्याने तो आकडा मागे घेतला पाहिजे. तो मी मागे घेत आहे. मात्र तपासाची सुरुवात चाकापासून करावी, हे माझे म्हणणे कायम आहे आणि त्याचे कारण आपण सांगितलेल्या वेगातच दडलेले आहे.

185/65 आर 15 मापाच्या टायरचा घेर साधारण 1.95 मीटर असतो, म्हणजे ताशी 100 किमी वेगात चाक सेकंदाला सुमारे 14 फेरे घेते. रिमच्या कडेला 30 ग्रॅमचा फरक असेल, तर या वेगात तो चाकाला साधारण साडेचार किलो वजनाएवढ्या जोराने ओढतो, आणि या ओढीची दिशा प्रत्येक फेऱ्यात पूर्ण फिरते. पन्नासच्या वेगात हाच जोर चौथा हिस्सा उरतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. शिवाय चाक, हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि सस्पेन्शनचा खालचा भाग मिळून स्वतःच्या लयीत सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा हिंदकळू शकतात. या मापाच्या टायरसाठी ती लय ताशी 70 ते 105 किमी या पट्ट्यात जुळते. म्हणूनच अशी थरथर एका ठरावीक वेगाला सुरू होते, वाढते आणि पुढे कमीही होते. आपले वर्णन चाकाच्या फेऱ्याशी बांधलेल्या दोषाचेच आहे; फक्त तो दोष बॅलन्सिंगने जाणाऱ्या प्रकारातला नसावा.

लेखात खरी उणीव इथे राहिली. बॅलन्सिंगच्या यंत्रावर शून्य दिसले, याचा अर्थ त्या यंत्राच्या दांड्यावर, त्या क्षणी जसे बसवले होते तसे ते चाक समतोल आहे, एवढाच. माझ्या स्वतःच्या गाडीचा अनुभव सांगतो. टायर बदलल्यावर पंचाण्णवच्या आसपास स्टीअरिंग हलू लागले. एकाच दुकानात दोनदा बॅलन्सिंग झाले, दोन्ही वेळा शून्य आले. तिसऱ्यांदा मी दुसरीकडे गेलो, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने शून्य आलेले चाक यंत्रावरून सैल केले, दांडा न हलवता चाक तेवढे अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसले आणि परत मोजले. या वेळी 25 ग्रॅम फरक दिसला. चाक दांड्यावर मधोमध बसतच नव्हते, त्यामुळे यंत्र दर वेळी एक चूक मोजून तिच्यावर वजन लावत होते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तिला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि पाच-दहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर आधीचे बॅलन्सिंग झालेच नाही असे समजावे. ग्राहकाने ती नम्रपणे पण आग्रहाने करायला लावावी, असे माझे ठाम मत आहे.

यंत्रावर ठीक असलेले चाक गाडीवर वाकडे बसू शकते. हबच्या चकतीवर एका कडेला 0.2 मिमी गंजाचा किंवा चिखलाचा थर राहिला, तर टायरच्या कडेपर्यंत तो वाकडेपणा जवळपास 1 मिमी होतो. बाजारातून घेतलेल्या अलॉय रिमचे मधले छिद्र पुष्कळदा हबपेक्षा मोठे असते आणि मध्ये योग्य मापाची रिंग नसेल, तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्याशी येते. हवेच्या गनने एकेक नट शेवटपर्यंत कसत जाण्याची पद्धत तर मला अजिबात पटत नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने, चाक जॅकवर असताना हलके आणि जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्याने (किती जोराने कसले ते दाखवणाऱ्या पान्याने), उत्पादकाने दिलेल्या मापाएवढेच कसले पाहिजेत. पावसाळ्यात शेतरस्त्याने जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूला वाळलेला चिखलही अशीच थरथर देतो, म्हणून आधी चाके आतून धुवावीत.

आता आपल्या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपण टायर बदललेत, पण रिम जुन्याच राहिल्या. खड्ड्यात आपटून रिमची आतली कड वाकली, तर बाहेरून काहीही दिसत नाही, आणि वाकलेली रिमसुद्धा वजने लावून यंत्रावर शून्यावर आणता येते. ते चाक समतोल असते, पण गोल नसते, आणि रस्त्यावर प्रत्येक फेऱ्यात गाडीला उचलून ठेवते. चाक जॅकवर घेऊन टायरच्या अगदी जवळ एक स्क्रूड्रायव्हर स्थिर धरावा आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. मधली फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल, तर रिम आणि टायर वेगवेगळे तपासायला हवेत. नवा टायरही सदोष असू शकतो किंवा रिमवर एकसारखा बसलेला नसू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

याहून सोपी, फुकटातली चाचणी मी लेखात द्यायला हवी होती आणि दिली नाही. पुढची दोन्ही चाके त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे लावून पाहावीत. थरथर स्टीअरिंग सोडून सीटखाली गेली, तर दोष चाकातच आहे. ती स्टीअरिंगमध्येच राहिली, तर चाकांवर आणखी एक रुपयाही खर्च करू नये. मग हब, बेअरिंग, टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हे स्टीअरिंग-सस्पेन्शनचे सांधे, आणि इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारा ड्राइव्ह शाफ्ट पाहावेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढते आणि सोडताच जाते, तेव्हा शाफ्टच्या आतल्या सांध्यावर संशय घ्यावा. फक्त ब्रेक लावतानाच स्टीअरिंग हलत असेल, तर बहुधा ब्रेकच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी उरलेली नाही.

अलाइनमेंटविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. अलाइनमेंट बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टीअरिंग तिरपे राहते, टायर एका कडेने झिजतात. त्यातून थरथर थेट निर्माण होत नाही. असमान झिजलेला टायर ती पुढे निर्माण करतो, आणि मग अलाइनमेंट सुधारून ती झीज भरून येत नाही. ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ हा जोडशब्द दुकानांच्या पाट्यांवर इतका रुळला आहे की दोन्ही कामे एकच वाटू लागली आहेत, पण थरथरीवरचा इलाज म्हणून अलाइनमेंटचे पैसे देणे मला योग्य वाटत नाही.

तिसरा आक्षेप मी स्वीकारतो. वाहत्या रहदारीत गाडी न्यूट्रल करण्याची सूचना मी लेखातून काढली आहे. दोष इंजिनाचा की चाकाचा, ही तीच माहिती सुरक्षितपणे मिळते : रिकाम्या, सरळ पट्ट्यात, वेगमर्यादेच्या आत, समान वेग राखून पाचव्या गिअरमधून चौथ्यात यावे. इंजिनाचे फेरे वाढतात, चाकांचे तेवढेच राहतात. थरथर बदलली नाही, तर इंजिन आणि त्याचे माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारे टेकू) संशयातून बहुतांशी सुटतात. जिथे मोटारींची मर्यादा 100 आहे, तिथे आपल्या पट्ट्यातला 90 ते 100 हा भाग तपासायला ती ओलांडावी लागत नाही. निरीक्षण शेजारी बसलेल्याने लिहून घ्यावे. सिमेंटच्या रस्त्यावर आडव्या सांध्यांचा ठेका चाकाच्या थरथरीत मिसळतो, म्हणून एकदा डांबरी रस्त्यावरही खात्री करावी.

एक गोष्ट मूळ लेखात ठळकपणे यायला हवी होती. थरथर आज अचानक सुरू झाली असेल किंवा दर प्रवासात वाढत असेल, तर कोणतीही चाचणी न करता गाडी बाजूला घ्यावी आणि नट सैल आहेत का, टायरला फुगा आला आहे का, हे आधी पाहावे. आपली थरथर स्थिर आहे असे आपण लिहिले आहे, म्हणूनच मी अदलाबदलीची चाचणी सुचवत आहे.

ती केल्यावर थरथर हातात राहिली की सीटखाली गेली, आणि रिम कंपनीच्या आहेत की बाहेरून घेतलेल्या, एवढे कृपया कळवावे. त्यावरून पुढे काय उघडायचे आणि काय उघडायचे नाही, हे मी निश्चित सांगू शकेन.