मार्गारेट फाउंटन: चित्रंही बघा
मार्गारेट फाउंटन या फुलपाखरं जमवणाऱ्या आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज बाईवरचा लेख आवडला, पण त्यात तिने जमवलेल्या २२ हजार फुलपाखरांवरच सगळा भर दिलाय आणि तिची चित्रं एका ओळीत उरकलीत, याचं खरंच वाईट वाटलं. टाचणीला टोचलेलं फुलपाखरू वर्षानुवर्षं टिकतं हो, पण सुरवंट मेला की त्याचा रंगच जातो, म्हणून ही बाई अंड्यांपासून सुरवंट वाढवायची, रोज त्यांना ताजा पाला घालायची आणि जिवंत असतानाच वॉटरकलरमध्ये रंगवायची, कोषासकट! त्या स्केचबुक्स लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. १९४० मध्ये त्रिनिदादला वारली ती. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या म्युझियमला तिने दिलेली डायऱ्यांची पेटी १९७८ मध्ये उघडली, तोवर तिचं खासगी आयुष्य फारसं कुणाला माहीत नव्हतं.